मेथाडोनचं रजिस्टर आणि रात्रपाळीची नर्स: एक प्रकरण अभ्यास

सहकारी नर्स वेदनाशामक प्राण्याला न देता स्वतःकडे ठेवतेय अशी शंका आली तर काय करायचं, हे शिकवण्यासाठी हे प्रकरण रचलेलं आहे. यातली माणसं आणि दवाखाना खरे नाहीत. नियम, औषधं आणि संस्था मात्र खऱ्या आहेत. जागा ब्रिटन निवडली, कारण व्हेटरिनरी नर्सची स्वतंत्र नोंदणी, तिची आचारसंहिता आणि शिस्तभंगाची कारवाई हे सगळं तिथे एका चौकटीत बसवलेलं आहे. प्राण्यांच्या नर्सिंगचं प्रशिक्षण तिथे 1961 मध्ये सुरू झालं. 2007 मध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सने, म्हणजे पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने, नोंदणीपट उघडला, 2011 पासून नोंदणीकृत नर्सवर शिस्तभंगाची कारवाई होऊ लागली आणि 2015 च्या राजसनदेने या व्यवसायाला औपचारिक दर्जा मिळाला. गंमत म्हणजे ‘व्हेटरिनरी नर्स’ या नावाला कायद्याचं संरक्षण अजूनही नाही. नोंदणी नसलेलं कुणीही ते लावू शकतं. ज्यांची नोंदणी आहे त्यांना मात्र ती गमावण्याची भीती असते, आणि या गोष्टीत ती भीती दोन्ही बाजूंना आहे.

दवाखाना चोवीस तास चालणारा. नोंदणी होऊन दीड वर्ष झालेली एक नर्स रात्रपाळीला आहे; तिला आपण नवी नर्स म्हणू. तिच्याआधीच्या पाळीत ज्येष्ठ नर्स होती. अकरा वर्षं तिथेच असलेली, सगळ्यांना सांभाळून घेणारी, नव्या नर्सला कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, लावायला शिकवणारी.

3 मार्च. वॉर्डमध्ये 32 किलोचा लॅब्रॅडॉर, दुपारी गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला. डॉक्टरांनी मेथाडोन हे अफूच्या गटातलं, व्यसन लागू शकणारं तीव्र वेदनाशामक लिहून दिलंय, किलोमागे 0.3 मिलिग्रॅम, दर चार तासांनी शिरेतून. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमची बाटली, म्हणजे एका वेळेला 0.96 मिली. रात्री दहाचा डोस ज्येष्ठ नर्सने दिला. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरच्या गडबडीत तिने औषधांच्या नोंदीचं रजिस्टर पुढे सरकवलं, “आत्ताच दिलंय, साक्षीची सही कर ना.” नव्या नर्सने केली. असं रोजच चालायचं.

अकरा वाजता तिने कुत्र्याचा पेन स्कोअर, म्हणजे वेदनेचे गुण, घेतला. ग्लासगोच्या छोट्या तक्त्यात एकूण 24 गुण असतात. प्राण्याला चालवून बघता येत नसेल तर 20. 24 पैकी 6 किंवा 20 पैकी 5 झाले की वेदनाशामक वाढवायचा विचार करायचा. याला चालवलं नव्हतं, आणि स्कोअर आला 9. कण्हत होता, टाक्यांकडे वळून वळून बघत होता, जखमेच्या आसपास हात नेला की अंग आक्रसून घेत होता. अजून एक गोष्ट तिच्या नजरेत भरली. मेथाडोनसारखं ओपिऑइड (अफूच्या गटातलं औषध) अंगात असलं की कुत्र्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. मांजरात उलटं, मोठ्या होतात. या कुत्र्याच्या बाहुल्या दिव्याच्या उजेडातही चांगल्या मोठ्या होत्या.

तिने आधी साध्या शक्यता तपासल्या, आणि ते बरोबरच केलं. कॅन्युला शिरेतून निसटून औषध कातडीखाली गेलं असेल का? सलाईनने फ्लश केलं; कुठे फुगलं नाही. पट्टी घट्ट बसलीय का? नाही. मूत्राशय भरलंय का? नाही. मग ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. त्यांनी कुत्रा तपासला आणि किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे 0.64 मिली, तिच्यासमोर ओढून स्वतः दिलं. वीस मिनिटांत स्कोअर 3 वर आला, कुत्रा झोपला. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘वेदना नियंत्रण अपुरं होतं’ असं लिहिलं. रात्र पुढे सरकली.

एका रात्रीतून काहीच सिद्ध होत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेला नर्व्ह ब्लॉक (तो भाग बधिर करणारं इंजेक्शन) नेमका तेव्हा उतरला असू शकतो. काही कुत्र्यांना तेवढा डोस पुरत नाही. पण पुढच्या आठवड्यात तिला असे आणखी दोन रुग्ण दिसले: एक फ्रॅक्चर, एक पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया. दोन्ही वेळा आधीचा डोस त्याच हातचा आणि रुग्ण कळवळणारा. दोन्ही वेळा दुसऱ्या कुणी दिलेला डोस लगेच लागू पडलेला.

मेथाडोन ब्रिटनच्या 2001 च्या नियमांनुसार दुसऱ्या परिशिष्टातलं नियंत्रित औषध आहे. ते कुलपात ठेवावं लागतं आणि प्रत्येक थेंबाची नोंद रजिस्टरमध्ये करावी लागते: शाईने, तारखेच्या क्रमाने, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. नोंद खोडायची किंवा गिरवायची नाही. चूक झाली तर समासात किंवा खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची. शेवटच्या नोंदीनंतर दोन वर्षं रजिस्टर जपून ठेवायचं. साक्षीदाराची दुसरी सही कायद्याने सक्तीची नाही, पण बहुतेक दवाखाने ती चांगली पद्धत म्हणून घेतात.

आता या व्यवस्थेतली फट बघा. औषध रुग्णाला देण्याऐवजी कुणी खिशात घातलं आणि रजिस्टरमध्ये ‘दिलं’ असं लिहिलं, तर बाटलीतली शिल्लक आणि रजिस्टरमधली शिल्लक तंतोतंत जुळते. आठवड्याच्या मोजणीत काही सापडत नाही. तफावत दिसते ती एकाच जागी, पिंजऱ्यातल्या प्राण्यात, आणि त्याच्याजवळ रात्रभर बसणारी व्यक्ती नर्स असते. म्हणून या प्रकारचं गैरवर्तन डॉक्टर किंवा मॅनेजरच्या आधी नर्सच्या लक्षात येण्याची शक्यता जास्त.

10 मार्चला नवी नर्स प्रॅक्टिस मॅनेजरकडे गेली. मॅनेजर वाईट माणूस नाही. दोन नर्स सोडून गेलेल्या, पाळ्यांचा तक्ता कसाबसा जुळवलेला. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, “आरोप मोठा आहे. आधी खात्री कर. अजून काही पुरावा मिळाला तर आण, तोवर कुणाशी बोलू नकोस.”

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही. ज्येष्ठ नर्सने केलं ते गंभीर आहेच, पण त्याला कारणं आहेत. त्यावर पुढे येतो. मॅनेजरच्या त्या एका वाक्याने तीन गोष्टी झाल्या. चौकशी ही दवाखान्याची जबाबदारी होती, ती दीड वर्ष अनुभवाच्या मुलीच्या गळ्यात पडली. ती हेर झाली, म्हणजे ज्येष्ठ नर्सचा प्रत्येक डोस तिने मनात टिपायचा, पण रुग्णाला औषध मिळालं की नाही हे बघून तिथल्या तिथे थांबवायचं नाही. आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत वॉर्डमध्ये शस्त्रक्रिया होतच राहिल्या.

दोन प्रश्न इथे एकमेकांत गुंतले. पहिला: आज रात्री वॉर्डमधल्या प्राण्यांना वेदनाशामक मिळतंय का? दुसरा: ज्येष्ठ नर्स दोषी आहे का? पहिल्याचं उत्तर शंकेवरही शोधता येतं आणि शोधावंच लागतं. त्यासाठी कुणाला दोषी ठरवायची गरज नाही. ‘आजपासून नियंत्रित औषध दोघांनी मिळून ओढायचं आणि दोघांसमोर द्यायचं’ एवढा एक आदेश सगळ्यांना लागू करून मॅनेजरला त्याच दुपारी रुग्ण सुरक्षित करता आले असते. दुसरा प्रश्न सोडवणं नव्या नर्सचं काम नव्हतंच. रॉयल कॉलेजची आचारसंहिताही तिच्याकडून तेवढंच मागते: सहकाऱ्याच्या व्यवसायक्षमतेबद्दल शंका असेल तर प्राण्यांना धोका होणार नाही आणि लोकांचं हित जपलं जाईल यासाठी पावलं उचला. खटला सिद्ध करा, असं तिच्यात कुठेही नाही.

‘आधी तिच्याशीच का नाही बोलली?’ असं ही गोष्ट ऐकणारे हमखास विचारतात. सहकाऱ्याने हात न धुता पट्टी बदलली, चार्ट अर्धा सोडला, मालकाशी तुसडेपणाने बोललं, तर आधी त्याच्याशीच बोलावं. तेच माणुसकीचं आणि बहुतेक वेळा पुरेसं. औषध गायब होण्याची शंका असेल तेव्हा मात्र नाही. नोंदी बदलल्या जाऊ शकतात, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. व्यसनात अडकलेलं आणि एकाएकी उघडं पडलेलं माणूस स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करू शकतं, आणि त्याच्या हाताशी जीवघेणी औषधं असतात. तो संवाद रात्री दोन वाजता औषधांच्या कपाटासमोर व्हायला नको.

20 मार्चला रजेवरून परतल्यावर नव्या नर्सने दोनच्या डोससाठी रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशीच्या ओळीत साक्षीदार म्हणून तिची आद्याक्षरं होती. निळी शाई, अक्षर जवळजवळ तिच्यासारखं, फक्त शेवटच्या अक्षराचा फाटा उलट्या बाजूला वळलेला. त्या दिवशी ती दवाखान्यात नव्हतीच. त्याच ओळीत डोसचा आकडाही गिरवलेला: 0.5 चा 0.8 केला होता, समासात दुरुस्तीची टीप नाही.

आता तिच्याकडे कागदावरची गोष्ट होती. तरी ती आणखी चार दिवस गप्प राहिली. कारण सरळ होतं: 3 मार्चची सही तिने स्वतः केली होती, न बघता. तक्रार करायची तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागणार. गैरवर्तन माहीत असूनही लोक बोलत नाहीत याचं कारण पुष्कळदा भित्रेपणा किंवा मैत्री नसतं. त्या ढिलाईत त्यांचाही एखादा छोटा हिस्सा असतो आणि तो बाहेर येईल ही धास्ती असते. दुसऱ्याची सही अशी हाताशी ठेवणाऱ्या माणसाला हे नेमकं ठाऊक असतं.

त्या चार दिवसांत तिने दोन गोष्टी केल्या. रजिस्टरच्या पानाचा फोटो स्वतःच्या फोनवर काढला. हे टाळायला हवं होतं. त्या पानावर प्राण्यांच्या मालकांची नावं आणि पत्ते होते, आणि खासगी फोनवर तशी माहिती ठेवणं हा माहिती संरक्षण कायद्याखाली वेगळाच गुंता. तारीख, वेळ आणि स्वतः काय पाहिलं हे वहीत लिहिलं असतं तरी पुरलं असतं. रजिस्टर कुठे पळून जाणार नव्हतं. दुसरी गोष्ट चांगली केली. रॉयल कॉलेजच्या सल्ला विभागाला फोन करून, कुणाचंही नाव न घेता, विचारलं. नियोक्त्याबद्दल बोलायचं असेल तर ‘प्रोटेक्ट’ ही संस्थाही आहे. ती 1993 पासून कामाच्या ठिकाणचे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना सल्ला देते. नर्सना त्यांच्या संघटनेकडेही, म्हणजे ब्रिटिश व्हेटरिनरी नर्सिंग असोसिएशनकडेही, जाता येतं.

24 मार्चला तिने क्लिनिकल डायरेक्टरला, म्हणजे दवाखान्याच्या वैद्यकीय प्रमुखाला, लिहिलं. पहिल्या मसुद्यातलं एक वाक्य असं होतं: “ती कित्येक महिन्यांपासून मेथाडोन चोरतेय आणि स्वतः घेतेय, हे सगळ्या स्टाफला माहीत आहे.” यातला एकही शब्द तिने पाहिलेला नव्हता. पाठवलेलं पत्र वेगळं होतं:

“3 मार्चला रात्री 10 वाजता लॅब्रॅडॉरला 0.96 मिली मेथाडोन दिल्याची नोंद आहे. साक्षीदाराची सही माझी आहे. औषध ओढताना किंवा देताना मी तिथे नव्हते. हँडओव्हरला मला सही करायला सांगितलं आणि मी केली. 11 वाजता स्कोअर 20 पैकी 9 होता. कॅन्युला चालू होती. 11.25 ला डॉक्टरांनी माझ्यासमोर 0.64 मिली दिलं. 11.45 ला स्कोअर 3 होता. 19 मार्चच्या नोंदीत साक्षीदार म्हणून माझी आद्याक्षरं आहेत. त्या दिवशी मी रजेवर होते. ती मी लिहिलेली नाहीत. त्याच ओळीतला आकडा गिरवलेला दिसतो. औषधाचं काय झालं हे मला माहीत नाही. 10 मार्चला मी मॅनेजरशी बोलले होते. आज वॉर्डमध्ये शस्त्रक्रियेचे रुग्ण आहेत, म्हणून आजच लिहीत आहे.”

दुसऱ्या दोन रुग्णांच्या वेळा तिने खाली जोडल्या. पत्रात ‘चोरी’ हा शब्द नाही, ज्येष्ठ नर्सचं नावही नाही आणि तिची स्वतःची चूक दुसऱ्याच वाक्यात आहे. असं पत्र उलटतपासणीत टिकतं. ते चुकीचं ठरलं, म्हणजे ज्येष्ठ नर्स निर्दोष निघाली, तरी लिहिणारीला मागे घ्यावं लागेल असं त्यात काही नाही.

डायरेक्टरने त्या दिवशी केलेलं मला जवळपास सगळं पटतं. कपाटाच्या किल्ल्या त्याने सगळ्यांकडूनच परत घेतल्या आणि दोघांची पद्धत लागू केली. सहा महिन्यांचं रजिस्टर, भुलेचे चार्ट आणि पेन स्कोअर समोरासमोर ठेवले. हे करताना फक्त ज्येष्ठ नर्सचे डोस न बघता सगळ्यांचे बघितले, कारण एकाच माणसाचे आकडे शोधायला बसलं की त्यात काहीतरी सापडतंच. तिच्या डोसनंतर ‘अपुरं नियंत्रण’ हा शेरा इतरांच्या मानाने वारंवार आलेला होता. पोलिसांच्या नियंत्रित औषधांच्या संपर्क अधिकाऱ्याला कळवलं. मग ज्येष्ठ नर्सला दिवसाढवळ्या, एका सहकाऱ्याच्या उपस्थितीत बोलावलं. बैठकीनंतर तिला एकटीला घरी जाऊ दिलं नाही. बहिणीला बोलावून घेतलं आणि व्हेटलाइफचा नंबर हातात दिला. ही संस्था पशुवैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांसाठी चोवीस तास हेल्पलाइन चालवते.

तिने बरंचसं कबूल केलं. दोन वर्षांपूर्वी जड कुत्रा उचलताना पाठ गेली होती. डॉक्टरने दिलेली गोळी बंद झाली, दुखणं थांबलं नाही.

प्रकरण रॉयल कॉलेजकडे गेलं. तिथे आधी प्राथमिक चौकशी होते आणि आरोप पुरेसा गंभीर असेल तर नर्सच्या शिस्त समितीपुढे सुनावणी. समिती काही न करण्यापासून ताकीद देणं, दोन वर्षांपर्यंत नोंदणी स्थगित करणं ते नाव काढून टाकणं इथपर्यंत जाऊ शकते. मूळ प्रश्न आजारपणाचा असेल तर कॉलेजची आरोग्यविषयक वेगळी वाटही आहे: उपचार, देखरेख, लेखी हमी, जाहीर सुनावणीशिवाय. व्यसनाच्या प्रकरणात मला तीच वाट बरी वाटते. पण दुसऱ्याची आद्याक्षरं बनवणं हा अप्रामाणिकपणा आहे आणि वेदनेत ठेवलेले प्राणी हे प्रत्यक्ष नुकसान. त्यामुळे इथे ती वाट मिळेलच असं धरून चालता येणार नाही. मॅनेजरने 10 मार्चलाच पावलं उचलली असती तर 19 मार्चची खोटी सही झालीच नसती. गप्प बसणं म्हणजे सहकाऱ्याला सांभाळून घेणं, हा समज इथे उलटा पडतो.

नव्या नर्सचं काय? न बघता केलेल्या सहीबद्दल तिला लेखी समज मिळाली, तिथेच तो विषय संपला. स्वतःहून सांगितलेली, एकदाची, दवाखान्याच्या रूढ सवयीतली चूक. याहून जास्त काही करणं म्हणजे पुढच्या माणसाला गप्प बसायला शिकवणं. ग्रेट ब्रिटनमध्ये 1998 च्या सार्वजनिक हित प्रकटीकरण कायद्याने तिला संरक्षण आहे आणि त्यासाठी नोकरीत ठरावीक काळ काढलेला असण्याची अट नाही. त्या कायद्याच्या यादीत ‘प्राण्याची वेदना’ असं कलम सापडणार नाही, पण गुन्हा, कायदेशीर कर्तव्याचा भंग आणि या गोष्टी दडपणं ही तिन्ही कलमं आहेत, आणि हे प्रकरण त्यांत बसतं. कागदावरचं संरक्षण चहाच्या खोलीत फारसं कामाला येत नाही, हेही खरं. दोन नर्स तिच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. डायरेक्टरने तिच्या रात्रपाळ्या बदलून दिल्या, तेही तिने मागितल्यावर. न विचारता बदलल्या असत्या तर ती शिक्षा दिसली असती.

शेवटचा मुद्दा मालकांचा, आणि त्यावर दवाखान्यात सगळ्यात जास्त वाद झाला. लॅब्रॅडॉर बरा होऊन घरी गेला होता. न मिळालेल्या मेथाडोनचे पैसे बिलात लागले होते. विमा कंपनीला विचारा, वकिलाला विचारा, कुत्रा ठीक आहे तर कशाला, असे तिन्ही सूर निघाले. डायरेक्टरने वकिलाला विचारलं, सहकाऱ्याचं नाव आणि प्रकृती सांगायची नाही हे ठरवून घेतलं आणि फोन केला: शस्त्रक्रियेच्या रात्री तुमच्या कुत्र्याला लिहून दिलेलं वेदनाशामक एका वेळेला मिळालं नसावं असं आम्हाला वाटतं, सुमारे दीड तास तो वेदनेत होता, नंतर दुसरा डोस दिला, चौकशी चालू आहे, बिलातली रक्कम परत करत आहोत. मालकाने एकच विचारलं, कळलं कुणाला? “रात्रीच्या नर्सला,” डायरेक्टरने सांगितलं. बाकी दोन मालकांनाही त्याच आठवड्यात फोन गेले. त्यांतल्या एकाने पुढच्या तपासण्यांसाठी दवाखाना बदलला.